आधी संच, मग लिलाव

२३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन झालं आणि या शहरात नियमित रेडिओ सुरू झाला. २०२७ च्या जुलैत त्याला शंभर वर्षं पूर्ण होतात. नेमका याच सुमाराला रेडिओ डिजिटल करण्याचा विषय सरकारपुढे आला आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, ३ ऑक्टोबर २०२५ रोजी खासगी रेडिओसाठी डिजिटल धोरणाच्या शिफारशी दिल्या. सुरुवात मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई या चार महानगरांत आणि ‘अ’ वर्गातल्या नऊ शहरांत व्हावी, असं त्यात म्हटलं आहे. या नऊमध्ये पुणे आणि नागपूरही आहेत. बदल येईल तो आधी आपल्याच दारात.

या बदलाविषयी दोन मतं आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. ती इथे मामा आणि भाचीच्या तोंडी घातली आहेत. मामा गिरगावचे; लॅमिंग्टन रोडवर रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. भाची लालबागची, दूरसंचार अभियंता. माणसं कल्पित आहेत, वाद खरा आहे.

दोन स्टेशनांमधली जागा

भाची: मामा, एफएमवर काटा फिरव बघू. ९१.१, मग ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३. काय दिसतं?

मामा: दोन स्टेशनांत शून्य पूर्णांक आठचं अंतर. ते तर मी डोळे मिटून सांगेन.

भाची: म्हणजे आठशे किलोहर्ट्झ. एका स्टेशनाला साधारण दोनशे लागतात. उरलेली जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली असते, शेजारचं स्टेशन घुसू नये म्हणून. डिजिटल रेडिओ या मोकळ्या जागेत बसवता येतो. जुनं एफएम जसंच्या तसं चालू राहतं आणि त्याच्या बाजूला नव्या वाहिन्या सुरू होतात. ट्रायची शिफारस तशीच आहे: एका वारंवारतेच्या जागेत एक जुनी वाहिनी, तीन डिजिटल वाहिन्या आणि एक माहितीची वाहिनी.

मामा: म्हणजे चाळीतल्या एका खोलीत पाच बिऱ्हाडं.

भाची: हो, पण मधल्या भिंती पक्क्या. एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू जात नाही.

मामा: ते जमवतात कसं? लहरी मला कळतात, तेव्हा सोपं करून सांगू नकोस.

भाची: एफएममध्ये आवाज हलतो तशी लहरीची वारंवारता हलते. वाटेत काही मिसळलं की तेही आवाजात उतरतं, म्हणून खरखर. डिजिटलमध्ये आधी आवाजाचे आकडे करतात. कानाला जे कळतच नाही ते गाळून आकडे कमी करतात. मग ते एका लहरीवर न लादता शेकडो बारीक उपवाहक लहरींवर वाटून एकदम पाठवतात. सोबत दुरुस्तीसाठी जादा आकडे असतात. वाटेत थोडे हरवले तरी संच बाकीच्यांवरून ते भरून काढतो. माहितीच्या वाहिनीवर गाण्याचं नाव, लोकलचा खोळंबा, भरतीची वेळ, पावसाचा इशारा, सगळं अक्षरांत येऊ शकतं.

मामा: विद्या चांगली आहे. तिच्याशी माझं भांडण नाहीच. माझा प्रश्न पुढचा आहे: हे ऐकायचं कशावर?

पहिली कंपनी का बुडाली

भाची: नव्या संचावर. जुना एफएम संच डिजिटल वाहिन्या पकडणार नाही.

मामा: मग मुंबईचीच गोष्ट ऐक. सगळे १९२७ चं उद्घाटन सांगतात, मी १९३० सांगतो. ती इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी तीन वर्षांत दिवाळखोरीत गेली. प्रक्षेपक होता, कलाकार होते, उद्घाटनाला व्हाइसरॉय आयर्विन होते. नव्हते ते संच. रेडिओ बाळगायला वर्षाला दहा रुपये परवाना भरावा लागे आणि कंपनीचं पोट मुख्यतः त्या परवान्यांवर. संच परदेशातून यायचे, महाग असायचे. परवाने वाढलेच नाहीत आणि कंपनी गुंडाळली गेली. मग सरकारनं ती चालवायला घेतली, आणि १९३६ मध्ये तिचं ऑल इंडिया रेडिओ झालं. या शहरानं शंभर वर्षांपूर्वी फी भरून शिकलेला हा धडा आहे. ऐकणाऱ्याच्या हातात संच नसेल तर मनोरा कितीही उंच बांधा.

भाची: पण पुढे ट्रान्झिस्टर आला आणि संच घरोघरी पोचले. तंत्रज्ञान स्वस्त होतच जातं.

मामा: ट्रान्झिस्टर आला तेव्हा ऐकायला आधीपासून काहीतरी होतं आणि एकच पद्धत होती. आता बघ. आकाशवाणीनं तिसाहून अधिक मध्यमलहरी प्रक्षेपक डिजिटल केले, डीआरएम नावाच्या पद्धतीचे. सरकारी पैसा गेला, काम झालं. लॅमिंग्टन रोडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाल आणि डीआरएमचा रेडिओ माग. दुकानदार आधी विचारतील, तो काय प्रकार असतो?

भाची: मान्य. संच नाहीत म्हणून श्रोते नाहीत, श्रोते नाहीत म्हणून कुणी संच बनवत नाही. हे कोडं देशात अजून सुटलेलं नाही. पण एका जागी वाट निघाली आहे, गाड्यांत. मारुती सुझुकी, ह्युंदाई, महिंद्र यांच्या अनेक गाड्यांत डीआरएम पकडणारा रेडिओ बसवलेला येतो. मुंबईत गाडीत अडकलेला माणूस रेडिओ ऐकतोच.

मामा: गाडीवाला ऐकतो, हे खरं. पण लालबागच्या मसाल्याच्या दुकानात, दादरच्या फुलबाजारात, परळच्या इस्पितळाबाहेर पदपथावर मुक्काम टाकलेल्या नातेवाइकांत, वॉचमनच्या केबिनमध्ये जो रेडिओ वाजतो तो काही शे रुपयांचा असतो. दोन सेल घातले की चालतो. डिजिटल संच आज हजारांत आहे. तो शे-दोनशेच्या घरात कधी येणार, हे आधी कुणीतरी लिहून द्यावं.

भाची: लिहून कुणी देणार नाही, पण सरकारला ते घडवता येतं. त्यातली पहिली पायरी ट्रायनं सांगितली आहे: देशभर एकच पद्धत ठरवा. तीन नावं चर्चेत असतात. डीआरएम हे खुलं मानक आहे. मध्यमलहरी, लघुलहरी आणि एफएमच्या पट्ट्यातही चालतं. एचडी रेडिओ अमेरिकेत रुळलेला आहे आणि एका कंपनीच्या मालकीचा आहे. युरोपातला डॅब-प्लस वेगळ्याच पट्ट्यात, १७४ मेगाहर्ट्झच्या वर चालतो, आणि त्यात अनेक स्टेशनं एकाच सामायिक प्रक्षेपकावरून जातात. डीआरएम आणि एचडीच्या चाचण्या आपल्याकडे दिल्लीत झाल्या आहेत.

मामा: एकच पद्धत हवी यावर माझी सही घे. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. दोन पद्धती आल्या की कारखानदार थांबतो, कोणती जिंकते ते बघत बसतो. पण निवडताना स्वामित्वाची रक्कम बघा. प्रत्येक संचामागे कुणाला किती द्यावे लागणार? मानक खुलं असलं तरी आवाज दाबून बसवण्याच्या पद्धतीवर पेटंट असतं.

भाची: असतं. म्हणून निवडीबरोबरच संख्येच्या जोरावर घासाघीस करून ती रक्कम कमी करून घ्यावी. देश एवढा मोठा गिऱ्हाईक आहे, तर त्यानं सौदाही तसाच करावा. आणि संचांचं एक टोक आपल्या खिशातच आहे. अनेक मोबाइलमध्ये एफएमची सोय असते, पण ती बंद करून विकतात. केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये मोबाइल कंपन्यांना एफएम चालू ठेवण्याची सूचना केली.

मामा: सूचना! आणि इयरफोनची वायर हीच ज्याची एरियल, त्या वायरचं भोकच नव्या फोनांतून काढून टाकलं.

भाची: म्हणूनच डिजिटलच्या वेळी सूचनेवर थांबून चालणार नाही. युरोपीय संघानं डिसेंबर २०२० पासून नव्या गाड्यांतल्या रेडिओला डिजिटल प्रक्षेपण पकडता आलंच पाहिजे, असा नियम केला. आपणही तसं करावं. पद्धत जाहीर झाली की ठरावीक मुदतीनं, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीत ती असावी.

मामा: गाडीत आणि हातातल्या स्वस्त संचातही. नुसती गाडी पुरणार नाही.

टॉवरांच्या सावलीत

मामा: आता दुसरं. एफएम कमजोर झालं की खरखर वाढते, पण बोलणं कळतं. काटा जरा इकडे-तिकडे केला, एरियल खिडकीकडे वळवली की पुन्हा लागतं. डिजिटल मात्र चांगलं चालू असतं आणि एकदम गप्प होतं. अर्धवट ऐकण्याची सोयच नाही.

भाची: खरं आहे. दुरुस्तीचे आकडे पुरेपर्यंत आवाज स्वच्छ, ते संपले की काहीच नाही. आणि हा प्रश्न लालबाग-परळला जास्त टोचतो. गिरण्यांच्या जागी पन्नास-साठ मजल्यांचे टॉवर आले. त्यांच्या काँक्रीट-पोलादामागे बैठ्या चाळी. लहर अडते, परावर्तित होते, वेगवेगळ्या वाटांनी मागे-पुढे पोचते. एफएमवर या प्रतिध्वनींनी आवाज फाटतो.

मामा: मग डिजिटलवर तर गप्पच होईल.

भाची: इथेच डिजिटलची बाजू भक्कम आहे. आकड्यांच्या दोन तुकड्यांत क्षणाचा छोटा भाग राखून ठेवलेला असतो. उशिरा आलेला प्रतिध्वनी त्या वेळात आला तर नुकसान होत नाही. म्हणून एफएमला जे अवघड ते डिजिटलला जमतं: एकाच वारंवारतेवर अनेक छोटे प्रक्षेपक चालवता येतात. मुख्य मनोरा एक, आणि टॉवरांच्या सावलीत जिथे आवाज पोचत नाही तिथे गच्चीवर कमी शक्तीचे पूरक प्रक्षेपक. नवी वारंवारता लागत नाही.

मामा: आणि मुख्य प्रक्षेपकाची शक्ती? मी ऐकलंय की डिजिटल भाग फार कमी ताकदीनं सोडतात.

भाची: बरोबर ऐकलंस. नियोजनाचा खरा पेच तिथेच आहे. डिजिटल भाग जुन्या एफएमच्या शेजारी बसतो, म्हणून त्याची शक्ती कमी ठेवावी लागते. अमेरिकेत एचडी रेडिओची सुरुवात मूळ एफएमच्या एक टक्का शक्तीनं झाली. घरात आवाज पोचेना म्हणून पुढे दहा टक्क्यांपर्यंत मुभा दिली. शक्ती कमी ठेवली तर भिंतीपलीकडे पोचत नाही. वाढवली तर शेजारच्या स्टेशनावर चढते, आणि आपल्याकडे शेजारी आठशे किलोहर्ट्झवर बसलेला. त्यातून बऱ्याच शहरांत खासगी स्टेशनं सामायिक मनोऱ्यावरून सोडलेली असतात. तिथला एक बदल सगळ्यांना लागू पडतो.

मामा: मग हे गणित कागदावर करू नका. गिरगावच्या दोन वाड्यांच्या मधल्या बोळात, डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत, परळच्या टॉवरच्या तळमजल्यावर संच ठेवून मोजा. पावसाळ्यात मोजा. ते आकडे लोकांसमोर ठेवा. लिलाव त्यानंतर.

भाची: एवढंच नाही, पूरक प्रक्षेपक बसवण्याची अट परवान्यात आधीच घालावी. नाहीतर गच्चीचं भाडं वाचवण्यासाठी चाळी सावलीतच राहतील.

फोन असताना रेडिओ कशाला?

मामा: तुझ्याच वयाची मंडळी म्हणतात, एवढा खटाटोप कशाला? आकाशवाणी न्यूजऑनएअर या अ‍ॅपवर ऐकू येते. इंटरनेट हाच डिजिटल रेडिओ.

भाची: मी तसं म्हणत नाही. इंटरनेटवर प्रत्येक श्रोत्याला वेगळी जोडणी लागते; ऐकणारे वाढले की भार वाढतो. प्रक्षेपणात दहा ऐकोत की दहा लाख, मनोऱ्याला फरक पडत नाही. ऐकायला पैसे लागत नाहीत. आणि तू काय ऐकतोस याची नोंद कुठे होत नाही.

मामा: २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. वीज गेली, फोन लागेनात, लोकल रुळांवर उभ्या. माणसं परळ-दादरहून गुडघाभर, कमरेइतक्या पाण्यातून चालत निघाली. अशा वेळी सेलवर चालणारा रेडिओ हाच घराचा बाहेरच्या जगाशी धागा असतो. ११ जुलै २००६ ला लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले तेव्हाही फोन लागत नव्हते. म्हणून सांगतो, साध्या संचाला हात लावू नका.

भाची: तुझ्याच मुद्द्यावर मी डिजिटल मागते आहे. डीआरएममध्ये धोक्याच्या इशाऱ्याची सोय आहे. इशारा आला की संच आपोआप त्या वाहिनीवर जाऊ शकतो आणि पडद्यावर अनेक भाषांत मजकूर दाखवू शकतो. ज्याला ऐकू येत नाही त्यालाही तो कळेल. गिरगाव चौपाटीवर विसर्जनाच्या गर्दीत, भरतीच्या वेळी, याचा उपयोग विचार करून बघ.

मामा: उपयोग आहे. पण डिजिटल संच सेल जास्त खातो, हेही लिही. पुरात तीन दिवस वीज नसेल तर?

भाची: लिहिते. कमी वीज खाणारा संच ही अट संचाच्या मानकातच असावी. आणि ही इशाऱ्याची सोय महाग संचापुरती राहू नये. सगळ्यात स्वस्त संचात ती सक्तीची हवी.

लहरी कुणाच्या?

मामा: आता पैशाचं बोल. एका वारंवारतेत तीन जादा वाहिन्या निघाल्या. त्या कुणाच्या?

भाची: सर्वोच्च न्यायालयानं ९ फेब्रुवारी १९९५ ला, क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात, स्पष्ट सांगितलं की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठी व्हायला हवा. मालक आपण. सरकार विश्वस्त.

मामा: मग विश्वस्तानं आधी मालकाचा हिस्सा बाजूला काढावा. इथे सुरुवातच लिलावानं होते.

भाची: लिलाव नको तर काय हवं? ओळखीपाळखीनं वाटप? लिलाव निदान उघड्यावर होतो. नव्या कंपनीला संधी मिळते.

मामा: उघड्यावर होतो, पण बोली चढते. २००० सालच्या पहिल्या फेरीत बोल्या एवढ्या चढल्या की अनेकांनी नंतर माघार घेतली, काही स्टेशनं तोट्यात गेली. मग २००५ मध्ये उत्पन्नाच्या चार टक्क्यांची पद्धत आणली. आणि लिलावाचा पैसा वसूल करायचा तर सगळ्यांनी तेच वाजवायचं. मुंबईत काटा फिरवला की दहा जागी हिंदी चित्रपटगीतं. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला तर बंदीच आहे. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, तेवढंच. अशात वाहिन्या चौपट केल्या तरी तीच गाणी चौपट.

भाची: हा मुद्दा मला मान्य आहे आणि म्हणून मी म्हणते, बंदीचा विचारही याच वेळी व्हायला हवा. शहराच्या बातम्या नसतील तर शहराचा रेडिओ कसला? दुसरं, ट्रायच्या या शिफारशी खासगी व्यावसायिक रेडिओपुरत्या आहेत. कम्युनिटी रेडिओची वाट निराळीच राहते. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना परवानगी मिळाली, पण मुंबईसारख्या शहरात वारंवारतेची जागाच नसते. डिजिटलनं पहिल्यांदा जागा निर्माण होते आहे. तीनांतली काही क्षमता कम्युनिटी रेडिओला, विद्यापीठांना, नगरवाचनालयांना राखून द्या. त्यांना मनोरा उभारावा लागणार नाही. मोठ्या स्टेशनाच्या प्रक्षेपकावरूनच त्यांचा कार्यक्रम जाईल.

मामा: हे बरोबर. आणि एक कलम मोठ्या अक्षरात लिही: प्रक्षेपण सर्वांना मोफत आणि खुलं. डिजिटलमध्ये कुलूप लावता येतं ना?

भाची: येतं. पैसे भरणाऱ्यालाच ऐकू जाईल अशी व्यवस्था या पद्धतींत शक्य आहे.

मामा: गिरगावातल्या माणसाला हे सांगावं लागू नये. ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच शहरात गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. पोलीस मागावर, म्हणून जागा बदलत राहिले. १२ नोव्हेंबरला छापा पडला तो गिरगावातल्या पारेखवाडीत. बोलणाऱ्यांनी जिवाची जोखीम घेतली. ऐकणाऱ्याला मात्र संचाच्या परवान्याखेरीज वेगळी नोंदणी, चावी काही लागत नव्हती. घरातला साधा संच पुरत होता. रेडिओची ताकद त्या साध्या संचात आहे. त्याला कुलूप लागलं तर नाव रेडिओ राहील, रेडिओ राहणार नाही.

मराठीचा वाटा

मामा: आता माझी मागणी. मुंबईतल्या प्रत्येक परवानाधारकाच्या तीन डिजिटल वाहिन्यांपैकी एक मराठी असलीच पाहिजे. सक्तीनं.

भाची: इथे मी तुझ्याबरोबर नाही. सक्ती केली की कागदावर मराठी वाहिनी होईल आणि तिच्यावर तीच शंभर गाणी यंत्र वाजवत बसेल. निवेदक नाही, लेखक नाही, वार्ताहर नाही.

मामा: मग मराठी रेडिओ आला कुठून? बाजारातून नाही आला. आकाशवाणीचं मुंबई ‘ब’ केंद्र, ५३७.६ मीटर, ५५८ किलोहर्ट्झ. गिरणगावात संध्याकाळी ‘कामगार सभा’ लागायची. बायकांसाठी ‘वनिता मंडळ’. ‘आपली आवड’ला गल्लीतले सगळे संच एकदम बोलायचे. ‘पुन्हा प्रपंच’मध्ये प्रभाकर जोशी, नीलम प्रभु, बाळ कुरतडकर यांचे टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत; ती माणसं आमच्या चाळीत राहतात असं वाटायचं. हे कुणी लिलावात विकत घेतलं नव्हतं. कुणीतरी ठरवलं होतं की गिरणीकामगाराला त्याच्या भाषेत, त्याच्या वेळेला काही द्यायचं.

भाची: म्हणूनच मी म्हणते, ते पुन्हा ठरवावं लागेल, आणि ठरवणारं घर आकाशवाणीचं आहे. आकाशवाणीच्या डिजिटल जागेतही एकाहून जास्त वाहिन्या निघतात. त्यातली एक चोवीस तास मराठी, फक्त मुंबईसाठी. तिला माणसं द्या, कंत्राटी नको, कायमची. दुसरं, आकाशवाणीचा मराठी संग्रह: नभोनाट्यं, मुलाखती, शाहिरी. तो कपाटात आहे; माहितीच्या वाहिनीसह तो श्रोत्यापर्यंत नेता येईल. खासगीवर सक्तीऐवजी सवलत द्या: ज्याची एक वाहिनी स्थानिक मराठी बोलत्या कार्यक्रमांची, त्याला शुल्कात सूट. निकष गाण्यांचा नको, बोलण्याच्या तासांचा ठेवा.

मामा: सूट आज आहे, उद्या काढतील. अट एकदा परवान्यात आली की पंधरा वर्षं टिकते. या मुद्द्यावर माझं मत बदलणार नाही.

भाची: राहू दे. दोन्ही बाजू मंत्रालयाकडे जाऊ देत. मुंबईच्या रेडिओवर मराठी बोलणं वाढलं पाहिजे, यावर आपण एक आहोत; मार्ग लोकांनी निवडावा.

जुनं कधी बंद करायचं?

मामा: आणि शेवटचा प्रश्न. एफएम कधी बंद करणार?

भाची: ट्रायनं तारीख दिलेली नाही. डिजिटल किती पसरतं ते बघून पुढे ठरवा, असं म्हटलं आहे. मला हे अपुरं वाटतं. दोन्ही प्रक्षेपणं कायम चालवायची म्हणजे दुहेरी वीज, दुहेरी देखभाल. शेवट ठरला नाही तर कुणी घाई करणार नाही.

मामा: तारीख ठरवणाऱ्यांचं काय झालं ते बघ. नॉर्वेनं २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद केलं. श्रीमंत देश, तरी रेडिओचे श्रोते कमी झाले आणि जुन्या गाड्यांसाठी अ‍ॅडॅप्टर विकत घ्यावे लागले. छोट्या स्थानिक स्टेशनांना एफएमवरच राहू दिलं. ब्रिटननं १९९५ पासून डिजिटल चालवलं, तरी निदान २०३० पर्यंत एफएम ठेवायचं ठरवलं. हाँगकाँगनं तर २०१७ मध्ये डिजिटल रेडिओच सोडून दिला.

भाची: मग तारखेऐवजी अट ठरवू. स्वस्त संचाची किंमत साध्या एफएमच्या आसपास आली पाहिजे. ऐकण्याचा बहुतेक वेळ डिजिटलवर गेला पाहिजे. आणि चाळी-झोपड्यांत मोजलेलं प्रक्षेपण एफएमइतकं पोचलं पाहिजे. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या की दोन वर्षांची नोटीस. अटी स्वतंत्र संस्थेनं तपासाव्यात, दर वर्षी अहवाल मराठीत छापावा.

मामा: आणि आकाशवाणीचा एक तरी साधा प्रक्षेपक आणीबाणीसाठी कायमचा ठेवावा.

भाची: ठेवावा. हेही मान्य.

मामा: मग क्रम लिहून घे. आधी एक पद्धत आणि स्वस्त संच. मग गल्लीगल्लीत मोजणी. मग लोकांचा हिस्सा: कम्युनिटी रेडिओ, आकाशवाणीची मराठी वाहिनी, धोक्याचा इशारा, कुलूपबंदीला मनाई. यानंतर लिलाव. आणि बंद करण्याचा विचार सगळ्यात शेवटी, अटी पुऱ्या झाल्यावर.

भाची: क्रम मला मान्य आहे. फक्त पहिल्या पायरीलाच दहा वर्षं थांबू नका, एवढं मी खाली जोडते.

या दोघांचं एकमत झालं ते क्रमावर, आणि माझ्या मते डिजिटल रेडिओचं धोरण म्हणजे मुख्यतः हा क्रमच आहे. ट्रायच्या शिफारशी सल्ला आहेत. निर्णय केंद्र सरकारचा आहे आणि तो झाला की परवाना दीर्घ मुदतीचा असेल. परवान्यात सुरुवातीला जे लिहिलं जात नाही ते पुढे घालणं जवळजवळ अशक्य होतं. म्हणून मुंबईच्या लोकप्रतिनिधींनी, मराठी संस्थांनी, गणेशोत्सव मंडळांनी, कम्युनिटी रेडिओ चालवणाऱ्यांनी आणि आकाशवाणीच्या श्रोत्यांनी आपलं म्हणणं आताच, लेखी, माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे पाठवायला हवं. १९३० साली मुंबईची पहिली रेडिओ कंपनी संचांअभावी बुडाली तेव्हा विचारायला पुरेसे श्रोतेच नव्हते. आज श्रोते आहेत, आणि लहरी त्यांच्याच मालकीच्या आहेत.